आमची वाटचाल : खुरपणीच्या ठेक्यापासून ग्रीनपर्यंत

आमचा घरचा धंदा रोपवाटिकेचा, उरुळी कांचनला. गोल्फ कोर्सवर पहिलं पाऊल पडलं ते खुरपणीच्या ठेक्यामुळे. गावातल्या दहा-बारा बायकांना घेऊन पहाटे टेम्पो निघायचा आणि खेळाडू यायच्या आत ग्रीनवरचा, म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचा, लव्हाळा हातानं उपटून काढायचा. गुडघे टेकून ते गवत जवळून पाहिलं आणि त्याची ओढच लागली. 3-4 मिलिमीटरवर कापलेलं हे बर्म्युडा म्हणजे आपल्या हरळीचंच भावंड. शेतात जिच्या मुळावर उठायचं, ती इथे तळहातावर जपायची!

हळूहळू एक जुनं कोअरिंग मशीन, म्हणजे हिरवळीला भोकं पाडून मातीच्या कांड्या काढणारं यंत्र, घेतलं आणि उन्हाळी कामं मिळू लागली. दुसऱ्याच वर्षी दणका बसला. मे महिन्यात तीन ग्रीनना भोकं पाडली, पण भरायला नदीची वाळू मिळेना. मी न धुतलेली क्रश सँड टाकली. जुलैत त्या ग्रीनवर पाणी साचलं. कप, म्हणजे भोकात बसवलेलं चेंडूचं भांडं, काढून पाहिलं तर चार बोटं खाली काळा थर आणि सडक्या अंड्यासारखा वास. दगडाची बारीक भुकटी पाण्याची वाट बुजवून बसली होती. मुळांना हवाच नव्हती. चूक माझी होती. पावसाळा सरल्यावर तिन्ही ग्रीन आम्ही पदरमोड करून दुरुस्त केल्या.

तेव्हापासून वाळूची गाडी रिकामी करण्याआधी मूठभर वाळू बाटलीभर पाण्यात हलवून ठेवतो. वर गाळाचा थर बसला की गाडी परत. आता कणकवलीकडच्या कासार्डे भागातली सिलिका वाळू धुऊन, चाळून आणतो. बहुतेक दाणा पाव ते एक मिलिमीटरमधला. भाडं अंगावर येतं, तरी यात काटकसर करत नाही. चांगल्या ग्रीनखाली 30 सेंटिमीटर वाळूचा थर, त्याखाली 10 सेंटिमीटर खडी आणि नळ्या असतात. ती सगळी रचना पाणी खाली जाण्यासाठीच आहे, आणि वरचा सेंटिमीटरभर थर तुंबला तर ती फुकट.

आमचं वर्ष पावसाभोवती फिरतं. एप्रिल-मेमध्ये हरळी जोमात असते, जखम लवकर भरते, म्हणून मोठं काम तेव्हाच. पोकळ टाइननं, म्हणजे मशीनच्या दातांनी, खडूएवढ्या मातीच्या कांड्या काढायच्या, गोळा करायच्या, वाळू पसरून झाडूनं भोकांत उतरवायची, मग नत्र आणि पाणी. मिरगाच्या आत ग्रीन मिटलीच पाहिजे. पावसाळ्यात ऊन नसतं, शेवाळ आणि बुरशी टपलेली असते. तेव्हा कापणीची उंची वाढवून ठेवतो. ऑक्टोबर हीटमध्ये हलकं कोअरिंग, थंडीत नुसता वाळूचा हलका हात.

भोकं पडली की सभासद नाराज होतात; पट, म्हणजे भोकाकडे चेंडू ढकलायचा फटका, घसरतो, चेंडू उड्या मारतो. त्यांचा त्रास खरा आहे. पण 12 मिलिमीटरचं भोक दर 5 सेंटिमीटरवर पाडलं, तरी जेमतेम साडेचार टक्के जागेतली माती निघते. दोन आठवड्यांची ती गैरसोय टाळली, तर ऑगस्टमध्ये ग्रीनच बंद ठेवायची वेळ येते. हे मी प्रत्येक क्लबला काढलेली कांडी हातात देऊन दाखवतो.

त्या पहिल्या टेम्पोतल्या दोघी आज आमची मशीन चालवतात. मशीन कुठे जड चाललं, टाइन कुठे अडली, हे त्या हँडलच्या थरथरीवरून सांगतात, आणि तिथेच आम्ही आधी खणून पाहतो.