पाठकोरे कागद

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेचा निरोप आला आणि मी आधी कपाटावरचा एक गठ्ठा खाली काढला. सुतळीने बांधलेले, कडा पिवळ्या पडलेले पाठकोरे कागद. पहिल्याच कागदावर एका बाजूला सायक्लोस्टाईल केलेली सातवीची भूगोलाची प्रश्नपत्रिका आणि मागे माझ्या हातची आडाळी, म्हणजे विळी. तिच्याखाली लाल पेन्सिलीने सरांनी लिहिलंय, ‘पात्याचा बाक परत बघ.’

आमच्या चित्रकलेच्या सरांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि १९८५च्या आसपास जे शाळेत होते त्यांना ते सांगावंही लागणार नाही. परीक्षा संपल्या की उरलेल्या प्रश्नपत्रिका सर ऑफिसातून मागून आणायचे आणि आम्हाला वाटायचे. रोज घरातली एक वस्तू काढायची, खोडरबर वापरायचा नाही. वहीचे चांगले कागद का नकोत, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, ‘‘कोरो कागद बघून हात भिता. ह्येच्यार काढ, ह्यो आधीच वापरलेलो आसा.’’ त्या वाक्याने माझ्या हातातली भीती खरोखर गेली. तवा, कंदील, पायली, आजीचा पानाचा डबा, सगळं मी त्या कागदांवर काढलं.

तरी एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेला मला सी श्रेणी मिळाली. चित्रकला आपल्यासाठी नाही असं ठरवून मी रोजचं काढणं बंद केलं. सर त्यावर एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी आम्हा आठ-दहा जणांना पिंगुळीला नेलं.

कुडाळपासून हाकेच्या अंतरावर पिंगुळी, पण चित्रकथी तोपर्यंत आम्ही बघितली नव्हती. ठाकर समाजातल्या एका घराच्या पडवीत बसवून तिथल्या कलाकारांनी आम्हाला रामायणातला एक प्रसंग करून दाखवला. एक जण वीणा घेऊन सांगणार, बाजूला टाळ आणि हुडूक हे छोटं चर्मवाद्य. समोर चित्रांची पोथी उभी धरलेली. कथा पुढे सरकली की चित्र बदलायचं. मी मात्र कथा ऐकायचं सोडून कागद बघत राहिलो. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली होती, त्यामुळे त्या पोथीत कोरी पाठच नव्हती. मला माझे प्रश्नपत्रिकांचे कागद आठवले.

आमच्यातल्या एकाने विचारलं, राक्षसाचे डोळे एवढे मोठे का? ते म्हातारे गृहस्थ वीणा खाली ठेवत म्हणाले, ‘‘रातीचो खेळ. पाठच्या माणसाक दिसाक नको?’’

घरी आल्यावर मी पुन्हा पेन्सिल घेतली. चित्र हुबेहूब आलं पाहिजे एवढंच मला तोवर ठाऊक होतं. ते कुणाला, कुठून, कसल्या उजेडात दिसणार आहे हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

त्याच वर्षी सरांबरोबर सावंतवाडीचा राजवाडा बघून झाला. तिथला गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा खेळ, अनेकांनी बघितला असेल. हा खेळ आणि त्याची कला संपत आली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले या दाम्पत्याने पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिरांकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं, म्हणून ती आज आहे. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते. प्रत्येक अवताराचे बारा, त्यात एक राजा, एक प्रधान आणि एक्का ते दश्शी. चिंचोक्याची खळ लावून कागद कडक करायचा, वर रंग, वर लाखेची झिलई. मत्स्याच्या दश्शीत दहा मासे त्या तळहाताएवढ्या वर्तुळात बसवलेले असतात आणि एकही दुसऱ्याला टेकत नाही. सरांनी आम्हाला वाटीच्या कडेने वर्तुळ आखून त्यात दहा मासे काढायला लावले. माझे सातच बसले. दहा बसायला मला पाच कागद लागले.

मी चित्रकार झालो नाही. आयटीआय करून चिंचवडला एका टूलरूममध्ये लागलो आणि पुढे फिक्श्चर, म्हणजे मशीनवर जॉब (घडवायचा भाग) पक्का धरून ठेवणारं साधन, डिझाईन करायला लागलो. काम आता कॉम्प्युटरवर चालतं, पण आजही नवीन फिक्श्चर आलं की मी आधी रद्द झालेल्या ड्रॉइंगच्या पाठीवर हाताने काढतो, खोडरबर न घेता. क्लॅम्प कुठे, जॉब कुठून आत जाणार, स्पॅनर फिरायला बोटांना जागा किती. दहा माशांचा हिशोब इथे रोज लागतो. आणि ऑपरेटरने चुकवू नये अशी मापं मी नेहमीपेक्षा मोठी लिहितो. तिसऱ्या पाळीत तेलाने माखलेल्या हातांचा माणूस मशीनला चिकटवलेला कागद चार फुटांवरून वाचतो, त्याला दिसायला नको? सुरुवातीला यावर साहेबांशी माझे खटके उडाले. मी माप लहान केलं नाही.

२०२१ साली पिंगुळीचे चित्रकथी कलाकार परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली, त्या रात्री मला झोप आली नाही. इतका आनंद झाला होता. पुढच्या मे महिन्यात मुलीला घेऊन त्यांचं ‘ठाकर आदिवासी कलांगण’ बघायला गेलो. गुरांच्या गोठ्याचं त्यांनी संग्रहालय केलंय. चामड्याच्या बाहुल्या, कळसूत्री बाहुल्या, चित्रकथीच्या पोथ्या. मुलीने पर्समधून एसटीचं तिकीट काढलं आणि त्याच्या पाठीवर एका बाहुलीचा हात काढायला घेतला. मी तिला तसं कधी शिकवलं नव्हतं. घरात बघितलं असेल.

आता शाळेकडे एक मागणं आहे. परीक्षा विभागात पाठकोऱ्या कागदांचे गठ्ठे अजूनही साचत असतील. ते रद्दीत देऊ नका. चित्रकलेच्या वर्गाबाहेर, पाचवीच्या मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर एक उघडं कपाट ठेवू या आणि कागद त्यात टाकू या. ज्याला हवा त्याने न विचारता घ्यावा. कपाट मी करून देतो. गणपतीत आलो होतो तेव्हा त्या भिंतीची मापं घेऊन ठेवली आहेत.