माझा अनुभव : चाकापर्यंत न पोहोचलेली अश्वशक्ती

माझ्या गाडीत इंटरकूलरच्या (टर्बो पंपाने दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणाऱ्या भागाच्या) रबरी पाइपवरची एक क्लिप सैल होती. ती घट्ट करायला मेकॅनिकला दहा मिनिटे लागली आणि ती सैल आहे हे सर्व्हिस सेंटरकडून मान्य करून घ्यायला मला अडीच महिने लागले. गाडीचे किंवा सर्व्हिस सेंटरचे नाव मी लिहिणार नाही. गाडी छोटी टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, ‘स्पोर्टी’ म्हणूनच विकली जाते आणि तिच्या माहितीपत्रकात अश्वशक्तीचा आकडा किमतीपेक्षा मोठ्या अक्षरांत छापलेला आहे, एवढे सांगितले तरी पुरे. ओळख पटू नये म्हणून तो आकडा मी येथे सर्वत्र १०० धरला आहे.

शंका आली ती कसारा घाटात. माझा मेहुणा नाशिकरोडला राहतो आणि त्याच्याकडे हीच गाडी, हेच इंजिन, त्याच वर्षीचे आहे. मुंबईहून दोघे एकत्र परतत असताना, त्याच्या गाडीत चार माणसे आणि माझ्या गाडीत मी एकटा असूनही, चढावर प्रत्येक वळणानंतर तो पुढे निघून जात होता. इगतपुरीला चहा पिताना तो म्हणाला, “दाजी, तुम्ही गाडी जपून चालवता.” मी जपून चालवत नव्हतो.

माहितीपत्रकातला आकडा खोटा असतो, असे माझे म्हणणे नाही. तो इंजिनाचा असतो, गाडीचा नसतो. इंजिन चाचणीच्या स्टँडवर बसवून, हवेचे ठरावीक तापमान आणि दाब गृहीत धरून तो काढतात. प्रचलित मानकांत हे तापमान २५ अंश आणि कोरड्या हवेचा दाब ९९० मिलिबार धरतात. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे, म्हणजे येथे हवेचा दाबच ९४० मिलिबारच्या आसपास असतो. मे महिन्याच्या दुपारी टर्बो नसलेले इंजिन एवढ्यानेच आठ-नऊ टक्के शक्ती गमावते, तर टर्बो अधिक जोराने फिरून त्यातली बरीच तूट भरून काढतो. त्यानंतर गिअरबॉक्स, ॲक्सल आणि टायर आपापला वाटा घेतात आणि चाकापर्यंत साधारण ८० ते ९० टक्केच पोहोचते. शिवाय हा आकडा एका विशिष्ट वेगाचा असतो. ह्युंदाई आय२० एन लाइनचे १२० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) मिनिटाला ६००० फेऱ्यांवर मिळतात. त्याच इंजिनाचा १७२ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) २००० फेऱ्यांवर धरून गणित केले (टॉर्क गुणिले फेरे, भागिले ७०२२) तर हाताशी ४९ पीएसच उरतात. गंगापूर रोडवर आपण गाडी चालवतो ती या ४९ वर. म्हणूनच १०५ पीएसची पोलो जीटी टीएसआय आणि जुनी १०६ अश्वशक्तीची होंडा सिटी व्हीटेक कागदावर सारख्या दिसल्या, तरी चालवताना त्यांच्यात काहीही साम्य नव्हते; पोलोचा १७५ न्यूटन मीटर टॉर्क खालीच मिळे, व्हीटेकला मात्र वरपर्यंत पिळावे लागे.

तेव्हा मला १०० मिळावेत अशी माझी अपेक्षा नव्हती. मेहुण्याला जेवढे मिळतात तेवढेच मला हवे होते.

सर्व्हिस सेंटरच्या पहिल्या भेटीत सल्लागाराने संगणकावर जॉबकार्ड उघडले. तक्रारीच्या रकान्यात स्वतःचे शब्द टाकता येत नाहीत. आधीच भरलेल्या यादीतून एक ओळ निवडावी लागते. त्याने निवडलेली ओळ होती : ‘ग्राहकास पिकअप कमी वाटतो.’ त्यातल्या ‘वाटतो’ या शब्दाला मी हरकत घेतली, कारण मी मोजून आलो होतो. वाडीवऱ्हे ते गोंदे या पट्ट्यात सकाळी सहाच्या सुमारास, मोकळ्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० ते १०० किलोमीटर वेग गाठण्यास माझ्या गाडीला सरासरी ९.४ सेकंद लागत होते आणि मेहुण्याच्या गाडीला ८.३. दोन्ही गाड्यांत एकच माणूस, निम्मी टाकी, एसी बंद, आणि वाऱ्याचा व उताराचा फायदा कोणाला मिळू नये म्हणून जाता-येता दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा मोजणी, असा सगळा बंदोबस्त केला होता. वेळ जीपीएसवर घेतली होती, कारण स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा नियम असल्याने तो नेहमी थोडा जास्तच दाखवतो. ही वही मी सल्लागारापुढे ठेवली. त्याने ती आदराने पाहिली, बंद केली आणि म्हणाला, “सर, स्कॅनरला एरर कोड आला तर बघू.”

एरर कोड आला नाही. पाइपमधून हवेची गळती थोडी असेल तर दाबातली तूट संगणकाच्या सहनमर्यादेतच राहते आणि दिवा लागत नाही, हे मला नंतर कळले. त्या दिवशी काचेच्या खोलीत साडेतीन तास बसून मला गाडी धुऊन परत मिळाली आणि जॉबकार्डावर शेरा होता : ‘चेक्ड, ओके.’ दुसऱ्या भेटीत टेस्ट ड्राइव्हसाठी टेक्निशियन, सल्लागार आणि एक शिकाऊ मुलगा असे तिघे माझ्यासोबत बसले आणि चौघांच्या वजनानिशी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, ट्रकांच्या रांगेमागून, ताशी ४० च्या वर न जाता पिकअप तपासला गेला. तोही ‘ओके’ निघाला. कंपनीचा आकडा चुकीचा असू शकत नाही, असे मला दोनदा सांगण्यात आले. २००१ साली माझदा या जपानी कंपनीने आपल्या मियाटा गाडीची १५५ अश्वशक्ती जाहीर करून ती नंतर १४२ वर आणली आणि गाड्या परत घेण्याची तयारी दाखवली होती, हे मी सांगून पाहिले. पण माझी तक्रार मुळात कंपनीच्या आकड्याबद्दल नव्हतीच, आणि वाद घालण्याच्या भरात मीच विषय सोडला याचा आजही राग येतो.

मग एक दिवस रजा टाकून मी पुण्याला एका डायनोवर गेलो. तेथे गाडीची चाके रोलरवर फिरवून शक्ती मोजतात. चाकावर ७४ आले. मात्र त्यांच्या छापील आलेखावर ठळक अक्षरांत ‘इंजिन पॉवर ९४’ असे होते आणि ७४ हा आकडा खालच्या कोपऱ्यात बारीक टाइपात होता. मी ते नीट वाचले नाही, आणि ती माझी सर्वांत महागात पडलेली चूक ठरली. तिसऱ्या भेटीत सल्लागाराने तोच कागद माझ्यापुढे धरला : “सर, ९४ म्हणजे उत्तमच आहे की!”

घरी येऊन मी त्या ९४ ची उलटी आकडेमोड केली. सॉफ्टवेअरने आधी १५ टक्के नुकसान गृहीत धरून ७४ चे ८७ केले होते आणि त्यावर विरळ, गरम हवेची भरपाई म्हणून ८ टक्के दुरुस्ती गुणांक लावला होता. हा गुणांक टर्बो नसलेल्या इंजिनासाठी ठीक आहे. टर्बो स्वतःच हवेची तूट भरून काढत असल्याने तोच गुणांक त्याला पूर्ण लावला की आकडा फुगतो. तेव्हा डायनोवर जाणाऱ्याने गुणांक न लावलेला, चाकावरचाच आकडा छापून मागावा. टायरमधली हवा दोन्ही गाड्यांत सारखी ठेवावी, गाडी चौथ्या गिअरमध्ये चालवावी, इंटरकूलरसमोर मोठा पंखा आहे ना ते पाहावे, आणि एका डायनोचा आकडा दुसऱ्या डायनोशी कधीही ताडू नये.

यावर उपाय एकच होता, आणि तो मला पहिल्याच फेरीत सुचायला हवा होता. एका रविवारी पहाटे मेहुणा आणि मी दोन्ही गाड्या घेऊन पुन्हा पुण्याला निघालो. सिन्नरच्या पुढे तो मुद्दाम मागे राहिला, मला वाईट वाटू नये म्हणून. एकाच रोलरवर, अर्ध्या तासाच्या अंतराने, माझ्या गाडीला चाकावर ७५ मिळाले आणि त्याच्या गाडीला ८६. त्याच्या आलेखावर ठळक अक्षरांत ‘इंजिन पॉवर १०९’ छापून आले, म्हणजे कंपनी स्वतः सांगते त्याहूनही ९ जास्त. तो कागद हातात घेताना मला गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच हसू आले.

चौथ्या भेटीत मी सल्लागाराकडे गेलोच नाही. थेट वर्क्स मॅनेजरसमोर दोन्ही आलेख शेजारी-शेजारी ठेवले आणि एवढेच विचारले की माझी गाडी ९४ वर उत्तम असेल तर ही १०९ ची गाडी तुम्ही कशी विकली. त्यांनी कागद दोनदा पाहिले आणि वयस्क मेकॅनिकला हाक मारली. त्याने संगणक जोडलाच नाही. बंपरखालचे आवरण काढून इंटरकूलरच्या पाइपवरून हात फिरवला आणि तेलकट बोटे मला दाखवली. “साहेब, इथनं हवा जातीय. मागच्या सर्व्हिसला पाइप काढला असंल कोणीतरी.” जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावरच पाइप क्लिपमधून किंचित सरकत होता, एरवी तो जागच्या जागी दिसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोंद्याच्या रस्त्यावर ८.४ सेकंद लागले.

नवी क्लिप लावल्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. जॉबकार्ड मी जपून ठेवले आहे. त्यावर तक्रार आहे, ‘ग्राहकास पिकअप कमी वाटतो’, आणि शेजारी केलेल्या कामाच्या रकान्यात लिहिले आहे, ‘ग्राहकास समजावून सांगितले.’