पिवळी चरबी

चंपाषष्ठीची तळी भरून झाली की सातपूरला माझ्या खानावळीत दोन-तीन दिवस चुलीवरचं पातेलं उतरत नाही. चातुर्मासापासून मटण सोडलेली माणसं एकदम परत येतात. त्या रविवारी मी ऐंशी ताटांचा अंदाज धरला होता. प्रत्यक्षात सकाळी अकराला फळ्यावरचं 'मटण' पुसून 'अंडा रस्सा' लिहावं लागलं.

एरवी मी खाटकाकडून बोकडाचं मटण घेते. मेंढी म्हटलं की नाशिकचं गिऱ्हाईक नाक मुरडतं. वास येतो म्हणतात, आणि ते अगदीच खोटं नाही. मेंढीची चरबी लवकर गोठते, रस्सा कोमट झाला की टाळूला चिकटतो. पण ते म्हाताऱ्या मेंढीचं. सात-आठ महिन्यांचं कोकरू आणि वाफाळतं ताट असेल तर काळ्या मसाल्यात सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही. हे मी आईकडून शिकले. पुतण्या हॉटेल मॅनेजमेंट करून आला आणि मला म्हणाला, "काकू, बाहेरच्या देशात ग्रास-फेड लॅम्ब म्हणून जास्तीचे पैसे देऊन खातात. आपल्याकडे ते सिन्नरच्या रस्त्यानं चालत जातं आणि आपण हॉर्न वाजवतो."

त्यामुळे शुक्रवारी आम्ही छोटा हत्ती घेऊन वावीच्या शिवारात गेलो. तिथे एका धनगरमामांचा वाडा उतरला होता. कांदा काढलेल्या वावरात दीडशेक मेंढरं, काळी दख्खनी, आणि एका कडेला वाघर लावून आत कोकरं. मामांशी ओळख अशी की आदल्या वर्षी त्यांच्या घरच्या घोंगड्या मी घेतल्या होत्या.

"काय खातात मामा?"

"रानातलं. हराळी, कुंदा, बाभळीच्या शेंगा, कांद्याची पात. पेंड नाय, गोळी नाय, काय नाय."

पुतण्या खूश. मीही. मामांनी कोकरांच्या कमरेवर हात दाबायला शिकवलं. कणा बोटाला टोचला तर जनावर वाळलेलं, अजिबात लागला नाही तर नुसती चरबी. चार नर निवडले. वजन प्रत्येकी चोवीस किलोच्या आसपास, जिवंत वजनावर ३८० रुपये किलो. ज्यांना थेट घेतलं की स्वस्त पडतं असं वाटतं त्यांच्यासाठी हिशोब सांगून ठेवते. चोवीस किलोच्या कोकराला ९,१२० रुपये. मुंडी, पाय, कातडं, पोट वजा जाता अकरा-साडेअकरा किलो मटण हातात येतं. म्हणजे किलोला आठशेच्या आसपास, टेम्पोचं भाडं वेगळं. मुंडी-पाय-कलेजीचे पैसे सुटतात म्हणून जेमतेम खाटकाच्या भावाशी बरोबरी होते. मी गेले ती भावासाठी नव्हे, मला जनावर डोळ्यांनी बघून घ्यायचं होतं.

परवाना असलेल्या खानावळीला घरामागे कापून चालत नाही, म्हणून रविवारी पहाटेची कत्तलखान्याची वेळ घेतली होती. तोवर कोकरं खानावळीमागच्या शेडमध्ये. शनिवारी तीन जणांनी मेथीघास संपवला, चौथं कोपऱ्यात मान टाकून उभं. मी म्हटलं, प्रवासाचा शीण असेल. कामावरचं पोरगं झाडायला गेलं ते येऊन म्हणालं, "मावशी, एकाची लघवी कोऱ्या चहासारखी आहे." मी त्याला म्हटलं, पाणी कमी प्यायलं असेल. हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

पहाटे साडेपाचला जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी झाली ती पिवळ्या बल्बच्या उजेडात. त्या उजेडात सगळ्यांचेच डोळे पिवळे. मलूल कोकराबद्दल मीच आगाऊपणे सांगितलं, "परवाच टेम्पोतून आणलंय, दमलंय." तेच पहिलं कापलं गेलं. खाटकानं कातडं उतरवलं आणि हात थांबवला. आतली चरबी हळदीच्या दुधासारखी पिवळी.

मी खरंच आनंदले. पुतण्यानं सांगितलं होतं ना, गवतावर वाढलेल्या जनावराची चरबी पिवळसर असते. डॉक्टर जवळ आले तेव्हा मी म्हणाले, "साहेब, नुसत्या चाऱ्यावरचं आहे, गोळीपेंड शिवलेली नाही!"

ते काही बोलले नाहीत. मोबाइलचा टॉर्च लावून मुंडीजवळ बसले, डोळ्याची पापणी वर केली. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पिवळा होता. मग पायाचा सांधा कापायला सांगितला, तिथले पांढरे दोरही पिवळे. शेवटी गुर्दे बाहेर काढले. ते तांबूस नव्हते. काळे, बंदुकीच्या नळीसारखे निळसर चकाकणारे.

"ताई, गाईचं म्हणाल तर बरोबर आहे," ते म्हणाले. "हिरव्या चाऱ्यातला पिवळा रंग गाईच्या चरबीत उतरतो. मेंढीच्या सहसा नाही, तिची चरबी गवतावरही पांढरीच राहते. आणि चाऱ्याचा रंग असता तर चरबीत दिसला असता, डोळ्यात आणि सांध्यात नाही. ही कावीळ आहे. रक्त फुटलंय आतल्या आत."

अख्खं धड बाद झालं. उरलेली तीन कापायची नाहीत म्हणून सांगितलं. कलेजी आणि गुर्द्यांचे तुकडे बर्फात घालून पुण्याला प्रयोगशाळेकडे. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा लघवीतून पसरणारा रोग असू शकतो, तो माणसालाही होतो, म्हणून माझ्या पोराला साबणानं हात धुऊन यायला लावलं. मग त्यांनी विचारलं, "गेल्या तीन महिन्यांत मेंढरं कुठे चरली?"

मला काय माहीत? मी विचारलं होतं काय खातात. कुठे, ते विचारलं नव्हतं.

तिथूनच मामांना फोन लावला. भांडायच्या तयारीनंच लावला होता, खोटं कशाला बोलू. एक कोकरू गेलं म्हटल्यावर पलीकडे क्षणभर नुसता वारा ऐकू आला. पैशाचं काही बोलायच्या आधी त्यांनी विचारलं, "बाकीची तीन कशी हायेत?" मी फोन डॉक्टरांकडे दिला. मामांनी मागे-मागे जात गावं मोजली. वावी, त्याआधी पाथरे, त्याआधी निफाडकडे कांद्याची वावरं, आणि दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत दिंडोरीकडे द्राक्षबागांत. गोडी छाटणी झाली की बागेत पाल्याचा खच पडतो. बागायतदाराला तो उचलायला माणूस लावावा लागतो, धनगराला आयता चारा, वर लेंडीखताचे पैसे. दोघांचंही भलं.

"पाल्यावर निळसर डाग होते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हते. बोर्डोचे. बागंवर असत्यातच की."

पावसाळ्यात डावणी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून द्राक्षावर बोर्डो मारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदात तांबं. बकरी बऱ्यापैकी सोसते, मेंढीला जमत नाही. तिचं शरीर जास्तीचं तांबं बाहेर टाकू शकत नाही, ते कलेजीत, म्हणजे यकृतात, साठत जातं. साठताना बाहेरून काही कळत नाही. कोकरू खातं, उड्या मारतं, कमरेला हात लावला तर भरलेलं लागतं. मग एक दिवस ताण बसतो. लांबचा प्रवास, बदललेला चारा, कळपापासून तोडणं. साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरतं, रक्त फुटतं, लघवी काळी होते, डोळे पिवळे. हे सगळं डॉक्टरांनी टेम्पोच्या फाळक्याला टेकून सांगितलं, आणि वर म्हणाले की हा माझा अंदाज, पुण्याहून येईल ते खरं. सावरगावापासून सिन्नरपर्यंत इतकी वर्षं मी बागा बघत आले, आणि निळी पानं म्हणजे बाग चांगली राखली आहे एवढंच मला ठाऊक होतं.

तो दिवस अंड्यांवर काढला. ऐंशीपैकी पस्तीस-चाळीस माणसं फळा वाचून परत गेली. एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, "कालच्या बोर्डावर तर मेंढी होती." मी म्हटलं, होती.

बाराव्या दिवशी उत्तर आलं. कलेजीत तांबं भरपूर, लेप्टो नाही. तोवर मामांच्या वाड्यावर आणखी दोन कोकरं गेली होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बागेतून आलेल्या सगळ्या कळपाला तांबं बाहेर काढणारं अमोनियम मॉलिब्डेटचं औषध पाजलं. वाघरीत टांगलेली गाईंसाठीची क्षारांची चाटणवीट काढायला लावली, कारण तिच्यातही तांबं असतं. माझी तीन कोकरंही मी तिकडेच परत पोहोचवली. सगळा कळप सावरला. हे कोकरू मी बाजारातून, तीन हातांतून आलेलं घेतलं असतं तर त्या गुर्द्यांवरून एवढंच कळलं असतं की नशीब फुटकं.

पैशांवरून मात्र चांगलीच ओढाताण झाली, उलट्या दिशेनं. मामा ९,१२० पूर्ण परत द्यायला निघाले. मी अर्धेच घेईन म्हणत होते, कारण कोऱ्या चहासारखी लघवी मी शनिवारीच ऐकली होती. मामींनी आतून दोघांनाही झापलं, "आधी चा प्या." तेव्हा काहीच ठरलं नाही.

माघात परत गेले. वाडा आता दुबेऱ्याच्या माळावर होता. मी विचारायच्या आधीच मामांनी गावं सांगायला सुरुवात केली, बोटांवर, पेरं मोजत. दिंडोरी आलंच नाही. "तीन तुमचीच हायेत, न्या," ते म्हणाले, "चौथं माझं देणं." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पहिल्या कोकराची हनुवटी धरून त्याची पापणी वर केली.

मामींना हसू आवरेना. मामा उठून आले, कोकराचं तोंड धरलं आणि सूर्याकडे फिरवलं.

"अक्का, सावलीत नाय कळायचं. उन्हात बघा."