नानांची पिलबाग

केळीच्या कटाईत आमच्या यावलकडच्या ओपीडीत दुपारी कुणी फिरकत नाही. नाना नेमके तेव्हाच आले. सत्तरी ओलांडलेले बागायतदार, मधुमेह जुना, गुडघे झिजलेले. त्यांनी टेबलावर एक गुळगुळीत पत्रक ठेवलं. मोठ्या शहरातल्या कुठल्याशा क्लिनिकचं. पोटाच्या चरबीतून स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशी, काढायच्या आणि शिरेतून परत सोडायच्या. गुडघे, साखर, म्हातारपण, सगळ्यांवर हाच इलाज. खर्च काही लाख. त्यासाठी दोन एकर बाग मक्त्याने द्यायचं घरात ठरत होतं.

"डॉक्टरसाहेब, टिश्यूकल्चरवाले एका कोंबातून हजारो रोपं काढतात. मंग माणसाचं काय अवघड? मले सांगा."

प्रश्न बिनतोड होता. कोंबाच्या टोकातल्या त्या पेशी म्हणजे झाडाच्या स्टेम सेलच की! जपानच्या शिन्या यामानाकांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या पेशीत चार जनुकं घालून ती पुन्हा गर्भातल्या पेशीइतकी कोवळी केली, २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, हे मी सांगितलं. म्हातारी पेशी कोवळी होते, यात खोटं काही नाही. पण अशी पेशी शरीरात मोकाट वाढली तर गाठ होते.

"आणि नाना, टिश्यूकल्चरचं झालं तरी खोड घड देऊन संपतंच ना? पुढे बाग चालते ती बुंध्याशी फुटलेल्या पिलांवर."

"पिलबाग तं मी कवाच धरली. तीन नातू आहेत!" नाना खो खो हसले.

हसले, पण पत्रक काही उचललं नाही. मग मी नंदुरबारचं सांगितलं. तिथे नोकरीत असताना सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पावरा-भिल्लांची पोरं रोज समोर यायची. त्यांच्यासाठी अस्थिमज्जा प्रत्यारोपण म्हणजे खरोखर वाढलेलं आयुष्य, कारण मज्जेतल्या मूळ पेशी नवं रक्त बनवतात. त्यालाही मज्जा जुळावी लागते. सख्ख्या भावंडाची जुळण्याची शक्यता चारात एक. आणि फ्लोरिडातल्या एका क्लिनिकात डोळ्यांत चरबीच्या स्टेम सेल टोचून घेतलेल्या तीन बायकांची नजर गेली, ते प्रकरण २०१७ मध्ये छापून आलं, तेही सांगितलं. नाना तेव्हा गप्प झाले.

आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सरळ आहेत. रक्ताच्या आजारांसारख्या ठरावीक दुखण्यांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीत, म्हणजे उपचार तपासून पाहणाऱ्या प्रयोगात, वापरायच्या, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. मला तर पत्रकातल्या दाव्यांपेक्षा त्यावरच्या हप्त्यांच्या सोयीचाच जास्त राग आला.

संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन. ॲडव्हान्स आधीच भरला होता, परत मिळेल का? मी म्हटलं, "भाऊ, त्यांना लेखी विचार, ही चाचणी की उपचार? चाचणी असेल तर पैसे कसले, आणि उपचार असेल तर मान्यता कुणाची?"