व्लादिमीर स्तोलवर बसला

रशियनच्या प्रत्येक नव्या बॅचला मी एका नाण्याचा फोटो दाखवते. कीवचा राजा व्लादिमीर (मृत्यू 1015) याचं हे चांदीचं नाणं, ‘स्रेब्रेनिक’. राजा समोर तोंड करून बसलाय, हातात क्रॉस, आणि कडेने अक्षरं: ‘व्लादिमीर ना स्तोले’. ‘स्तोल म्हणजे टेबल’ हे घोकून आलेली मुलं लगेच अर्थ लावतात, व्लादिमीर टेबलावर! मला हा क्षण फार आवडतो, कारण इथून पुढे वर्ग जागा होतो.

तेव्हा स्तोल म्हणजे आसन, राजाचं सिंहासन. जुन्या इतिवृत्तांत कुणी गादीवर आला की ‘बापाच्या स्तोलवर बसला’ असंच लिहितात. रशियन, युक्रेनियन आणि पोलिशमध्ये राजधानीला ‘स्तोलित्सा’ म्हणतात, ते यावरूनच.

पुढे भाषा पांगल्या. रशियन, पोलिश, चेक, क्रोएशियन यांच्यात शब्द टेबलाला चिकटला. बल्गेरियन आणि स्लोव्हेनियनमध्ये तो खुर्चीचाच राहिला. टेबलासाठी त्यांनी ‘मासा’ आणि ‘मिझा’ घेतले, दोन्ही मुळात लॅटिन ‘मेन्सा’चे. युक्रेनियनमध्ये तर ‘स्तील’ टेबल आणि त्याचंच पिल्लू ‘स्तिलेत्स’ ही खुर्ची. रशियनांनी खुर्चीसाठी ‘स्तूल’ जर्मन भाषांकडून आणला.

व्युत्पत्तीबद्दल दोन मतं आहेत. एक ‘उभं राहणं’ या धातूकडे जातं, आपल्या ‘स्था’चा तो नातलग. दुसरं ‘अंथरणं’ या अर्थाच्या धातूकडे. रशियनमध्ये ‘स्तेलीत’ म्हणजे अंथरणे आणि ‘पस्तेल’ म्हणजे अंथरूण. माझा कौल दुसऱ्याला. ‘साताऱ्याची गादी’ म्हणणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही: अंथरायची वस्तू, तिच्यावर बसायचं, आणि तीच राज्याची सत्ता. अंथरलेल्यावर माणूस बसला की आसन, ताटं मांडली की टेबल.

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हे दोन्ही अर्थ एकाच वस्तूत सापडतात. गाभाऱ्यात मधोमध एक चौकोनी टेबल असतं, त्यावर एकावर एक दोन वस्त्रं घातलेली. आकाराने, वापराने ते टेबलच. पण देव तिथे विराजमान असतो अशी श्रद्धा, म्हणून त्याचं नाव ‘प्रेस्तोल’. आणि झारच्या सिंहासनालाही रशियनमध्ये हाच शब्द.