तुम्ही विचारलंत म्हणून: गाजराचा रस की उकडलेलं गाजर?

"दोन्हींत जास्त पौष्टिक काय, ते एका शब्दात सांग ना." गेली चार वर्षं मी हा प्रश्न टाळतेय. एका शब्दात सांगायची माझी हिंमत होत नाही.

आकडेच हवे असतील तर घ्या. 100 ग्रॅमला 100 ग्रॅम धरलं तर कॅलरी-साखरेत फरक फारसा नाही. रसात साधारण 40 कॅलरी, उकडलेल्या गाजरात 35. साखर जवळपास सारखीच. क जीवनसत्त्व रसात जास्त. फायबर उकडलेल्यात 3 ग्रॅम, रसात जेमतेम एक; बाकीचं ज्यूसरमागच्या भांड्यात चोथा होऊन पडतं. बीटा कॅरोटिन, म्हणजे ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं ते, दोन्हींत भरपूर, पण शिजवून थोडं तेल-तूप घातलं की ते अंगी जास्त लागतं. आता हेही बघा, की एका ग्लासाला पाच-सहा गाजरं लागतात. तेवढी चावून खायला बसलात तर तिसऱ्यालाच जबडा दुखेल. ग्लास दोन मिनिटांत रिकामा होतो.

हे मला तेव्हाही ठाऊक होतं. "म्हणूनच तर रस!" असं मीच सगळ्यांना सांगायचे.

बाबांना तो आवडायचा नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट काम करतेय का ते सांगणारा रक्तातला आकडा, थोडं वाढलंय हे रिपोर्टमध्ये मी वाचलं होतं आणि वयाच्या खाती टाकून मोकळी झाले होते. सकाळ-संध्याकाळ एकेक ग्लास त्यांच्या हातात द्यायचे. ते म्हणायचे, "मला आपलं उकडलेलंच दे गं, मीठ-मिरपूड घालून." मी म्हणायचे, "बाबा, उकडलं की सगळं पाण्यात जातं."

पाण्यात जातं ते पोटॅशियमही. एका ग्लास रसात ते 700 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे दिवसाला 1400. अधू किडनीला ते पुरेसं बाहेर टाकता येत नाही. एका सकाळी खुर्चीतून उठताना बाबांच्या पायांतलं बळच गेलं. दवाखान्यात रक्तातलं पोटॅशियम 6.7 निघालं, ते साधारण 5 पर्यंत असावं लागतं. डॉक्टरांनी ईसीजीच्या कागदावर पेन टेकवून उंच, टोकदार झालेल्या लाटा दाखवल्या. "हृदय कधीही थांबू शकतं," म्हणाले. शिरेतून कॅल्शियम दिलं, मग इन्सुलिन आणि ग्लुकोज, पोटॅशियम रक्तातून पेशींत ढकलायला. "रोज काय काय घेतात?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा उत्तर बाबांनीच दिलं. "ही देते ते." तक्रारीचा सूर नव्हता हो. बाबांच्या मिशीला तेव्हाही केशरी कड होती.

सगळं रसानेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. बाबांची रक्तदाबाची गोळीही पोटॅशियम वाढवणारी होती. हे मी स्वतःला अनेकदा सांगते. पण डॉक्टरांना न विचारता रस सुरू केला तो मीच, आणि नको म्हणत असताना पाजला तोही मीच.

मग रस वाईट का? आईला मी आजही अर्धा ग्लास देते. तिला चावता येत नाही आणि तिच्या किडन्या ठणठणीत आहेत. हे बरोबर करतेय ना, असं मी दर रिपोर्टला विचारते.

बाबांसाठी गाजरं सोलून पातळ चकत्या करते, भरपूर पाण्यात उकडते आणि ते पिवळसर पाणी मोरीत ओतते. ओतताना अजूनही हात अडखळतो.