रुळाचा तुकडा

पुण्याहून अमळनेरला जायचं तर जळगावला उतरून पुढची गाडी नाहीतर एस.टी. धरायची, हा शहाण्या माणसाचा मार्ग. मी मुद्दाम भुसावळपर्यंत गेलो. सुरतेकडे जाणारी पॅसेंजर तिथून सुटते आणि सुटण्याच्या जागी बसलं की खिडकी मिळते. जळगावला चढलं तर दारात कुणाच्या तरी मेथीच्या गाठोड्याला टेकून उभं राहायची वेळ येते. दुसरं कारण भादली स्टेशन. ते पुढे येईल.

निमित्त एका फोनचं. गावाकडचा वर्गमित्र म्हणाला, "बाई आता अमळनेरला मुलाकडे राहतात. तब्येत बरी आहे, पण ऐकू कमी येतं. येऊन जा एकदा." 'येऊन जा एकदा' हे मी स्वतःला गेली पस्तीस वर्षं सांगत आलो होतो. या वेळी तिकीट काढलं, बाकरवडीचा पुडा घेतला आणि निघालो.

भुसावळला चहा घेतला, डबा शोधला, खिडकी मिळाली. समोरच्या बाकावर एक म्हातारे बाबा टोपी मांडीवर ठेवून बसले होते. गाडी हलली तसे म्हणाले, "कथा जाशी रे भाऊ?" अहिराणी कानावर पडली की माझी जीभ आधी अडखळते, मग सैल सुटते. अमळनेरला जातोय म्हटलं. कोणाकडे, तर बाईंकडे, चौथीच्या. बाबांनी मान डोलावली. जणू पन्नाशीतल्या माणसाने चौथीच्या बाईंना भेटायला जाणं ही रोजचीच गोष्ट.

वाघूरचा पूल गेला आणि भादली आलं. स्टेशन लहान. बघण्यासारखं काही नाही, म्हणून कुणी बघत नाही. आम्ही नववीत असताना शाळेची सहल दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र बघायला गेली होती. येताना याच मार्गावर डब्यात अंताक्षरी रंगात आली होती आणि मराठीचे सर एकदम उभे राहिले. म्हणाले, "दोन मिनिटं गप्प बसा." त्यांचा आवाज कधी चढत नसे, त्यामुळे आम्ही खरंच गप्प बसलो. गाडी भादलीत थांबली होती. सरांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. १९१८ च्या मे महिन्यात या स्टेशनाजवळ बालकवी ठोंबरे रेल्वेखाली गेले. वय सत्तावीस. आणि जन्म कुठला? याच लोहमार्गावर पुढे लागणाऱ्या धरणगावचा, १८९० सालचा. एवढं सांगून सर खाली बसले. कविता म्हटली नाही, भाषण केलं नाही. गाडी सुटल्यावर अंताक्षरी पुन्हा सुरू व्हायला जळगाव उजाडलं.

भादलीपासून धरणगाव पॅसेंजरने तासाभराचं असेल. एका कवीचा जन्म आणि मृत्यू यांच्यामधलं अंतर आपण रोज भाजीची गाठोडी घेऊन कापतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुस्तकातली माणसं आपल्याच स्टेशनांवर जगली-मेली, हेही. तोवर कवी म्हणजे पुण्या-मुंबईकडचे, असा माझा समज होता. त्या सरांचे बाकीचे तास मला फारसे आठवत नाहीत. ही दोन मिनिटं आठवतात.

जळगावला अपेक्षेप्रमाणे मेथीची गाठोडी चढली. केळीचा एक घडही चढला आणि माझ्या पायाशी येऊन बसला. जळगाव सुटलं की थोड्या वेळात गिरणेचा पूल लागतो. पात्रात पाणी कमी, वाळू उपसल्याचे खड्डे जास्त. गिरणा बघितली की मला भूगोलाचे सर आणि त्यांचा तांब्या आठवतो.

सातवीत होतो. नद्यांचा धडा चालू होता आणि कुणालाच काही कळत नव्हतं. सरांनी वर्ग उठवला आणि मैदानाच्या कडेला, नळाजवळच्या भुसभुशीत मातीत नेऊन बसवला. काठीने एक लांब चर ओढला, तो तापीचा. वरच्या अंगाला विटा रचल्या, तो सातपुडा. खालून तीन-चार बारीक चर आणून जोडले: गिरणा, बोरी, पांझरा. मग वर्गातल्या सगळ्यात खोडकर पोराला चराच्या पश्चिम टोकाला बसवलं आणि म्हणाले, "तू सुरत. ओंजळ धर." आणि मुलताईला, म्हणजे तापीच्या उगमाच्या टोकाला, स्वतः उकिडवे बसून तांब्याने पाणी सोडू लागले.

पहिला तांब्या मातीनेच पिऊन टाकला. दुसरा निम्म्यात थबकला. सर म्हणाले, "नदीलाही असाच वेळ लागतो, घाई करू नका." तिसऱ्या तांब्याला पाणी चराच्या कडेने चाचपडत, वाटेतली काडी-कचरा उचलत, गिरणेच्या तोंडाशी जरा घुटमळून पुढे सरकलं आणि सुरतेच्या ओंजळीत गढूळ घोटभर जमा झालं. सगळा वर्ग ओरडला. सरांच्या धोतराचा सोगा चिखलात भिजला होता, त्यांना पत्ता नव्हता. मग त्यांनी विचारलं, "गोदावरी, भीमा, कृष्णा पूर्वेला जातात. ही आपली एकटीच उलटी का?" कुणालाच येईना. "दोन डोंगरांच्या मध्ये जमीन खचली, त्या खचातून ही वाहते. म्हणून." तापीच्या लांबीचा ७२४ किलोमीटर हा आकडा फळ्यावर लिहिला असता तर परीक्षेनंतर पुसला गेला असता. तो अजून डोक्यात आहे, कारण त्याला ओल्या मातीचा वास आहे.

सगळेच असे होते असं मात्र नाही. हायस्कूलच्या पहिल्या वर्षी एका शिक्षकांनी माझं 'माले म्हाईत नही' वर्गासमोर तीन वेळा म्हणून दाखवलं होतं, नकला करत. पोरं हसली. मी पुढचे सहा महिने वर्गात तोंड उघडलं नाही. आठवणींची ट्रंक उघडायची तर हेही त्यात असणार. उगाच सगळ्यांना एका शालीत गुंडाळण्यात अर्थ नाही.

पण त्यामुळेच बाईंची किंमत कळली. बाई आमच्या जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत होत्या. एका खोलीत पहिली-दुसरी घेऊन गुरुजी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी घेऊन बाई. आमच्या घरांत मराठी फक्त रेडिओ बोलायचा, आम्ही सगळे अहिराणी. बाईंनी कधी कुणाची जीभ कापली नाही. म्हणायच्या, "घरी 'माले' म्हण, वहीत 'मला' लिही. दोन्ही तुझंच आहे." दोन्ही तुझंच. आज मी दिवसभर मराठीत लिहून पोट भरतो, त्याचा पाया त्या वाक्यात आहे.

धरणगाव गेलं. बाबा उतरताना "बाईसले मना नमस्कार सांग" म्हणाले. ते बाईंना ओळखत नव्हते.

पुढे एके ठिकाणी आमचं गाव दिसतं. गाडी थांबत नाही. रुळांपासून दोन शेतांपलीकडे शाळा, आता तिची इमारत रंगवलेली, भिंतीवर आकडे आणि प्राण्यांची चित्रं. निंबाचं झाड तेवढं जुनं. त्या निंबाला पूर्वी रुळाचा एक हातभर तुकडा तारेने टांगलेला असायचा. ती शाळेची घंटा. लोखंडी बोल्टने ठोकली की आवाज पार नदीपलीकडच्या मळ्यात जायचा. आणि अख्खं चौथीचं वर्ष ती ठोकायचा मान माझ्याकडे होता! पावणेअकराला पहिली, अकराला दुसरी, मग प्रार्थना. बाईंच्या टेबलावरच्या गजराच्या घड्याळात काटे बघायचे आणि धावत बाहेर जायचं. या एका मानावर मी आयुष्यात बराच तोरा मिरवला. नोकरीच्या मुलाखतीत सांगितला, मुलांना तर इतक्यांदा सांगितला की 'रूळ' म्हटलं तरी ती उठून जातात.

गाव चाळीस सेकंदांत मागे पडलं.

अमळनेरला उतरलो तर ऊन चढलं होतं. बाईंकडे जायच्या आधी प्रताप हायस्कूलकडे रिक्षा वळवली. रविवार, फाटक बंद. बाहेरूनच बघितलं. साने गुरुजी इथे १९२४ ते १९३० शिक्षक होते, नंतर नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात गेले. चौथीच्या स्कॉलरशिपच्या परीक्षेला बाई आम्हा चौघांना अमळनेरला घेऊन आल्या होत्या. पेपर झाल्यावर इथे आणून म्हणाल्या, "गुरुजी वसतिगृहात मुलांची अंथरुणं आवरायचे, खोल्या झाडायचे." आम्हाला वाटलं, त्यात काय, आमच्या बाईही वर्ग झाडतात. तसं बोललोही. बाई काहीच बोलल्या नाहीत, भेळ घेऊन दिली.

रिक्षावाल्याने मला फाटकाशी उभं बघून विचारलं, "माजी विद्यार्थी का?" नाही म्हणालो. मग त्याने इथल्या साहित्य संमेलनाच्या वेळी, २०२४ च्या फेब्रुवारीत, गावात किती गर्दी झाली होती ते सांगितलं. त्या तीन दिवसांत त्याने म्हणे दुचाकी घेण्याइतके कमावले. साहित्याने कुणाचं तरी भलं झाल्याचं ऐकून बरं वाटलं.

बाई ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, अंगावर बदामी स्वेटर. मी वाकलो, नाव सांगितलं. ऐकू गेलं नाही. पुन्हा मोठ्याने सांगितलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्या उजव्या हाताकडे. अंगठ्याजवळ व्रण आहे, घंटेच्या तारेने कापल्याचा. "घंटावाला," त्या म्हणाल्या.

बाकरवडीचा पुडा पुढे केला. त्यांनी हसून तोंडाकडे बोट दाखवलं. कवळी आत ठेवली होती. त्यांच्या सूनबाईंनी भरीत केलं होतं, काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचं, कांद्याची पात घालून, आणि कळण्याची भाकरी. पुण्यात भरीत म्हणून जे मिळतं त्याबद्दल मी इथे बोलत नाही.

जेवताना मी घंटेचा विषय काढला. ओरडूनच बोलावं लागत होतं. "बाई, अख्ख्या वर्गातून तुम्ही घंटेसाठी मलाच निवडलंत!"

"मग कोणाला देणार? रोज उशीर तूच करायचास."

मी घास तसाच धरून बसलो.

खरं होतं. वडिलांची न्याहारी घेऊन मी मळ्यात जायचो आणि येताना पाटाच्या कडेने, बोरीखाली, कुठे कुठे रेंगाळत यायचो. तिसरीत माझी हजेरी लाल शेऱ्यांनी भरलेली होती. ते मी सोयीस्कर विसरलो होतो.

"गुरुजी म्हणाले, घरी निरोप पाठवू," बाई भाकरीचा पापुद्रा काढत म्हणाल्या. "मी म्हटलं, निरोप गेला तर न्याहारी बंद होणार नाही, पोराची शाळा बंद होईल. घंटा त्याच्या हातात द्या. त्याच्याशिवाय शाळा भरत नाही म्हटल्यावर येईल पळत."

आणि मी आलो होतो पळत. वर्षभर. पाटाच्या कडेने, अनवाणी, डोक्यात एकच धाक, की आपण पोचलो नाही तर अख्खं गाव बिनशाळेचं राहील.

मला काहीतरी बोलायचं होतं. पण कृतज्ञता अशी गोष्ट आहे की ती हळू आवाजात बोलली तर ठीक, बाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली असती तर गल्ली गोळा झाली असती. मी ओरडून म्हणालो, "भरीत फार छान झालंय!" बाईंनी सूनबाईंना सांगितलं, "याला अजून वाढ."

निघताना त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "गाडी किती वाजता?" मी वेळ सांगितली. "मग आत्ता कशाला उठतोस? केवढा वेळ आहे."

तरी निघालो. फलाटावर पोचलो तेव्हा गाडीला अजून पाऊण तास होता. बाक रिकामे होते.